वेढे

एका अक्षराला चाळीस रुपये, म्हणाला मुनाफ पेंटर.
म्हणून अंबादास गळाला,
बोर्डावर नुसतं येमूल उरलं
आणि खाली : मोटार भरून मिळेल.

अशोक चौकाच्या मागे नऊ बाय सहाचा गाळा.
एप्रिलात पत्रा असा तापतो
की व्हार्निश वाळवायला भट्टी लागत नाही.
हा एक फायदा. वहीत लिहून ठेवलाय.
त्याच वहीत उधारी आहे,
ती पानं जास्त भरली.

माळगेअण्णांकडे सतरा वर्षं
शनिवारी संध्याकाळी पाकीट मिळायचं.
आता शनिवारला काही चव नाही.
आपला वार पाण्याचा.
पाचव्या दिवशी नळ येतो,
अख्खी गल्ली एकदम मोटारी लावते,
कुणाची तरी जळतेच.
तोंडानं मी अरेरे म्हणतो,
हातानं शटर वर करतो.
कुणाच्या तरी घरात हंडे रिकामे,
त्या रात्री माझ्या घरात भाकरीसोबत मटण.
देवासमोर उभा राहतो खरा,
पण मागायचं काय?

राजमणीचं सोपं आहे.
हजार विड्या वळल्या की हजाराचे पैसे.
सूप मांडीवर घेऊन ती विचारते,
"तुमचा हजार कुठं संपतो हो?"
मी तांब्याचा भाव बघत असतो फोनवर.
पूर्वी नुसतं तांबं बघायचो.

रजा मागायला कुणी उरलं नाही.
जानेवारीत पोरांना गड्ड्यावर नेलं,
पाळण्यात बसलो, अगदी वर पोचलो,
तिथून गाळ्याची दिशा शोधत होतो.

मग एकदा अण्णाच आले.
स्वतः, रिक्षातून, मांडीवर घरची मोटार घेऊन.
"नव्या पोराला नाही जमली," एवढंच बोलले
आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.
मी उभाच.
सतरा वर्षांत त्यांच्यासमोर बसलो नव्हतो,
आणि खुर्ची तर एकच, माझी.

जुनी वायर कापून काढली, कागद घातला,
भरली, बांधली, मीटर लावून दाखवला.
"किती झाले?"
मी म्हणालो, "असू द्या, अण्णा."
ते रागावले, अगदी पूर्वीसारखे :
"हातात कला आहे रे तुझ्या,
तोंडात आकडा नाही.
माझ्याकडे आकडा मी सांगायचो, म्हणून चाललं तुझं.
सांग. मोठ्यानं सांग."
सांगितला.
त्यांनी पन्नास कमी करून दिले.

ती नोट अजून व्हाइसखाली आहे, थोडं तेल लागलेली.

तिथं असताना मध्येच कुणी हाक मारली
तर मान वर न करता म्हणायचो, थांब, मोजतोय.
आता हाक म्हणजे गिऱ्हाईक.
"ओ येमूल!"
आलो, आलो.
त्रेसष्ट झाले होते की चौसष्ट?
वायर सोडवतो.
एक.
दोन.