पट्टी क्रमांक सत्तेचाळीस

माझं काम एवढंच: अंधारात बसून बटण दाबायचं.
त्या चिनी गायच्या, वर काळ्या पट्टीवर
माझं मराठी उजळायचं.
एकूण पट्ट्या दोनशे बारा.

आयोजक चंद्रात्रे आधीच म्हणाले होते,
"गाणं कापा हो थोडं. मारामारी ठेवा, कोलांट्या ठेवा.
पुण्यात लोक साडेनऊला चपला शोधायला लागतात."
मी ते शेनबाईंना सांगितलं.
निम्मंच सांगितलं.
त्या तेव्हा कपाळावर फडकं आवळून
भुवया वर ओढून घेत होत्या.
हसता येत नव्हतं, तरी हसल्या.
म्हणाल्या, ल्योंमध्ये हेच ऐकलं, लिमामध्ये हेच.
प्रत्येक गावाला वाटतं, घाई फक्त आपल्यालाच आहे.

रंगभूषेचे उकिडवे,
पन्नास वर्षं संगीत नाटकांतल्या नायिका रंगवलेले,
त्यांच्या डबीतला लाल रंग बोटावर घेऊन
वास घेत उभे.
"तेलात खललाय," एवढंच बोलले.
मग दोघं बराच वेळ गालांविषयी बोलत राहिले,
मला न बोलावता.

गोष्ट साधी. नदी. एका बाईला पलीकडे जायचंय.
म्हातारा नावाडी, हातात वल्हं,
आणि नाव
नाहीच.
तो गुडघ्यात वाकला की बाई चवड्यांवर उंच होई,
तो उठला की ती खाली,
जणू दोघांच्या पायांखाली एकच फळी.
आम्हा पुणेकरांना नदी म्हणजे
पुलावरून नाक दाबून ओलांडायची गोष्ट.
नावेत बसायची सवय कुणाला?

सत्तेचाळिसावी पट्टी:
"दिवा विझला. प्रतिक्षा विझत नाही."
मुळात सात अक्षरं. त्यातलं पाचवं
बाई गाऊ लागल्या
आणि गातच राहिल्या.
अक्षर चढलं, कड्याशी थबकलं, वळलं,
झांजेवरून घसरत परत आलं,
दोन पांढऱ्या लांब बाह्या हवेत गेल्या
त्या खाली यायचं विसरल्या.
माझं बोट बटणावर.
सहा महिने भांडले होते मी या सात अक्षरांशी.
'वाट' घातलं, काढलं,
'डोळे लागले' घातलं, काढलं.
आता माझे पाच शब्द वर नुसते जळत होते
जिन्यातल्या ट्यूबलाइटसारखे,
आणि त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

तेव्हा दिसलं, नाव डुलली तशी
तिसऱ्या रांगेतली पांढरी डोकी
जराशी डावीकडे कलली.
अकरा नंबरच्या खुर्चीतल्या आजोबांनी
पाय उचलून धरले.

मी पट्टी विझवली.
पुढच्या नऊ लावल्याच नाहीत.
"अहो, मराठी!" असं कुणी ओरडलं नाही.
मागून कुणीतरी ओरडलं ते "वन्समोअर!"
शेनबाई थबकल्या.
त्यांच्याकडे अशा वेळी "हाव!" म्हणतात,
खणखणीत, सुराच्या मधोमध.
हा शब्द त्यांना नवा.
विंगेतून उकिडव्यांनी तर्जनी गोल फिरवली.
बाई पुन्हा अलीकडच्या काठावर आल्या.
घड्याळात नऊ पन्नास. चपला जागच्या जागी.

नंतर दाराशी आजोबांनी मला गाठलं.
डोळे ओले होते, असं मी म्हणणार नाही.
"पट्ट्या तुमच्या का?"
हो.
"'प्रतिक्षा' ऱ्हस्व लिहिलीत.
एवढी थांबली ती बाई.
दीर्घच हवी."

कंपनीचा पुढचा मुक्काम हैदराबाद.
तिथे माझ्या मराठीचं काही काम नाही.
तरी रात्री घरी फाईल उघडली,
पहिली वेलांटी खोडली,
दुसरी दिली.