पेवाच्या तोंडाशी चपला

रात्रीचे दीड. विश्रामबागेतल्या बँकेची सर्व्हर रूम,
एसीचं पाणी बादलीत, टप्प. टप्प.
पडद्यावर एकच ओळ अडून बसलेली:
कुलूप दुसऱ्याकडे आहे. प्रोसेस क्रमांक ४११७. थांबा.

सकाळी दहाला काउंटर उघडणार,
एकवीस पॅकेजं अजून चढायची,
आणि मिरजेहून तौफिक मुजावर फोनवर म्हणतो,
"मॅडम, ती लॉकची फाइल उडवा की सरळ.
अर्ध्या मिनटाचं काम. सगळे तेच करत्यात."

बोट डिलीटवर गेलंही होतं.

पण मी हरिपूरची. दादू ऐवळ्याची मुलगी.
आमच्याकडे हळद जमिनीखाली झोपायची,
वीस-पंचवीस फूट खोल पेवात,
तोंड एवढं अरुंद
की एका वेळी एकच माणूस मावावा,
तोही खांदे चोरून.
दादा उतरायच्या आधी कंदील सोडायचा.
विझला, तर त्या दिवशी मजुरी नाही.
नाही विझला, तर चपला काढून काठावर,
टाचा पेवाकडे करून.
चपला आहेत म्हणजे माणूस आत आहे.
बाकीच्यांनी बिडी ओढावी.

एवढाच कायदा. लिहिलेला कुठंच नाही.

एकदा चपला तशाच राहिल्या
आणि दादा अनवाणी चहाला गेला.
टोळी दुपारभर रिकाम्या पेवाची राखण करत बसली,
भूपाल आवटी अडत्यानं सगळ्यांची हजेरी अर्धी कापली.
त्यावर निदान हसता आलं.

दुसऱ्या वेळी कुत्र्यानं एक चप्पल पळवली,
दुसरी कुणाच्या तरी पायानं पाचटात गेली.
काठ मोकळा दिसला.
वरून पोती ओतायला लागले.
तिसऱ्या पोत्याला खालून ओरडणं ऐकू आलं.
दादाला वर काढलं तेव्हा पापण्या पिवळ्या,
कानांत, नाकात, दातांच्या फटींत हळद.
नवरदेव दिसतोय, कुणीतरी म्हणालं,
आणि कुणीच हसलं नाही.

त्यानंतर कमरेला दोर.
दुसरं टोक वरच्या माणसाच्या मनगटाला.
चपलेला कळत नाही माणूस मेला की जगला.
दोराला कळतं.

म्हणून आधी ४११७ ला हाक मारली.
जिवंत होती. तौफिकचीच होती,
संध्याकाळी त्यानंच मिरजेत बसून सुरू केलेली,
मग जेवायला जाताना विसरलेली,
मंद लाइनीवरून बिचारी दाणा दाणा उतरवत होती.

"तुझाच माणूस आहे आत," मी म्हणाले.
पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मग थांबले. थांबता थांबता स्क्रिप्ट पुन्हा लिहिली.
गाड्या दहा येऊ देत एकदम,
माल बाहेर उतरू दे, ज्याची त्याची रास वेगळी,
पाखडा, तोला, खडे वेचा, कुणाची ना नाही.
पेवात मात्र एकेक.
आणि अर्धं पोतं आत जाणार नाही:
पुरं झालं की एका झटक्यात, नाहीतर नाहीच.
खुणेची फाइल काढून टाकली, दोर बांधला.
धरणारा मेला तर गाठ आपोआप सुटेल,
जिवंत असेतोवर कुणाच्या बापालाही सुटायची नाही.

तीन वाजून दहाला ४११७ वर आली.
माझी एकवीस मग एकामागोमाग खाली गेली,
न ढकलता.
तौफिकनं फक्त चहाच्या कपाचं चित्र पाठवलं.

पहाटे हरिपूर. संगमाकडचा वारा.
आमच्या आळीतली पेवं कधीच बुजली, वर प्लॉट पडलेत,
एकावर तर मोबाइलचा टॉवर.
दाराशी दादाच्या चपला होत्या, टाचा घराकडे करून.
तरी हाक मारली.
आतून खोकला आला.
मग कडी लावली.