हिरवा दिवा

क्लाइपेडा बंदरावर क्रेन धुक्यात उभ्या.
रिमगैलेच्या पडद्यावर सगळं हिरवं,
अकरा दिवस हिरवंच.

बाराव्या पहाटे, साडेतीनला कळलं:
पहाऱ्यावरची स्क्रिप्ट
पहिल्याच रात्री मेली होती.
पासवर्डची मुदत संपली, एवढंच.
ओरडायला कुणी शिकवलंच नव्हतं तिला.

मांतविदास म्हणाला, "पण एकही अलर्ट नव्हता!"
"तेच तर," ती म्हणाली,
बिटाचं सूप तसंच ठेवून
नवा नियम लिहायला बसली.
दर पाच मिनिटांनी म्हण, आहे.
गप्प राहिलीस, तर मी उठेन.

उजाडता उजाडता आठवलं,
शिलुतेला आई
हल्ली गुडघ्यांचंसुद्धा काही बोलत नाही.

फोन लावला.
वाजतोय.