ओरखडा

रात्री साडेअकराला पिवळ्या टिपने
ताटलीतल्या पेशींवर मी एक रेघ ओढली.
सरळच हवी. वाकडी मोजता येत नाही.

बाहेर जळगाव अजून एकेचाळीसवर,
आत इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
एवढा गारवा आज आख्ख्या आकाशवाणी चौकात
कुणाच्या नशिबी नाही.

पेशी कुणाच्या, लेबलवर नाही.
कुठल्या परक्या गावात कुणीतरी कधीचं गेलं,
त्याच्या मोठ्या आतड्याचा हा तुकडा
अजून भुकेला, दर दोन दिवसांनी गुलाबी पाणी मागतो.

डाव्या ताटलीत ते प्रथिन नाही.
उजवीत आम्ही परत घातलंय.
नाव तीन अक्षरी, हाक मारावी असं नाहीच.
सर त्याला राखणदार म्हणतात,
मी फाटकवाला.

निंभोऱ्याच्या अलीकडचं फाटक, एकतीस वर्षं, सुपडूमामा.
केळीचे ट्रक, वऱ्हाडाचे टेम्पो, सगळे शिव्या घालायचे.
हा फाटक पाडून उभा, बावटा काखेत:
"जाशीन रे, जाशीन. गाडी जाऊ दे पह्यले."
एकतीस वर्षांत तिथे कुणी मेलं नाही,
म्हणून पेपरात त्याचं नाव कधी आलं नाही.
आता फाटकच नाही. खालून बोगदा काढलाय,
पावसाळ्यात तुंबतो.

परवा भुसावळला सोनोग्राफीवाला म्हणाला, लिव्हरवर दिसतंय.
मामीने बाहेर येऊन मलाच विचारलं,
"आतड्यातलं तिथलोक गेलं कसं गं?"
चार वर्षं मी एवढंच शिकतेय, आणि
मी तिला पाण्याची बाटली दिली.

कसं सांगू, की पेशी शेजारणीचा हात धरून असते
तोवर तिला गाव असतं.
हात सुटला की ती लांबुळकी होते,
एक पाय पुढे टाकते, चाचपते,
मागचा ओढून घेते.
घाई नसते तिला. अडवणारं कुणी नसतं.

दुसऱ्या रात्रीचे साडेअकरा.
डावीकडे रेघ बुजली, दोन्ही काठ भेटले,
जणू कधी ओरखडलंच नव्हतं.
उजवीकडे अजून उघडी.

माझा गुडघा फुटला की मामा हळद दाबायचा,
म्हणायचा, भरून येईन.
आणि मी इथे दुर्बिणीवर वाकून
एका जखमेला विनवतेय, भरू नकोस.

काठावर एकच पेशी. पाय अर्धा पुढे.
लाइट गेली. इन्व्हर्टर कुरकुरला, लागला.
मी फोटो काढला.
ती टाकतेय पाऊल की मागे घेतेय,
एका फोटोत कळत नाही.