पिवळा ठसा

पहिलं वर्ष मी नुसते कागद भिजवले.
तुरटी आणि सरस, कोमट पाण्यात,
रुंद कुंचल्याचा एकच हात, मध्ये थांबायचं नाही.
थांबलास की तिथे डाग पडतो,
आणि तो डाग चित्रात ढग होऊन बसतो,
इसाबुरो उस्ताद म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी मला खिडकी मिळाली.

सरोवराकाठचं गाव, बर्फाची रात्र,
एकोणतीस छाप, एकावर एक.
त्यातला चौथा माझा:
नखाएवढा पिवळा चौकोन.
चित्रात डावीकडे खाली, फळीवर उजवीकडे,
कोपऱ्यातल्या खाचेला इतका लागून
की मालकांनी काटकसर केली,
अख्ख्या फळीऐवजी चेरीचा एक तुकडाच दिला.

मी दिवा लावायचो.
मग उस्ताद त्याच्याभोवती रात्र आणायचे,
निळा, त्यावर निळा, त्यावर काळसर निळा,
ओल्या फडक्याने वर दाट, खाली विरळ,
बांबूच्या पानात बांधलेली चकती फिरवत,
पाठीच्या कण्यातून जोर देत.

एकदा मी तोरानोसुकेला विचारलं, बर्फ कोणत्या रंगाने?
तो फळीवर वाकलेला, एक डोळा मिटलेला.
"बर्फ छापत नाहीत, पोरा. सोडतात.
हा एवढासा कण.
अकरा फळ्यांवर, एकाच जागी,
अकरा वेळा खोदून काढतो मी याला.
तेव्हा कुठे तो एकदा पडतो."

त्या खिडकीआड कोण राहतं
हे मी ठरवून टाकलं होतं.
एक बाई, चुलीवर मुळ्याचं कालवण,
नवरा अजून होडीवर.
दोनशे तावांवर मी तिला जागं ठेवलं.

मग चित्रकार ओनोदेरा आले, नमुने बघायला.
चहा पीत म्हणाले,
"ते होय? मिठाचं गोदाम होतं.
खिडकी नव्हतीच तिथे.
डोळ्याला टेकायला काहीतरी लागतं ना."
पुढचे वीस ताव फिके उतरले.
"दिवा का विझतोय?" उस्ताद ओरडले.
मी काही बोललो नाही. पिवळा घट्ट केला.

सप्टेंबरचा पहिला दिवस. खाच झिजलेली,
छाप केसभर सरकत होता,
म्हणून तुकडा बाहीत टाकून
मी तोरानोसुकेकडे निघालो होतो.
बारा वाजत आले होते. घराघरांत भात शिजत होता.

त्यानंतरचं मला क्रमाने आठवत नाही.
रस्ता उठून बसला, एवढं आठवतं.
तोरानोसुके ज्या गल्लीत राहायचा
ती गल्ली नव्हती.
मागे वळलो तर आमच्या दिशेला धूर:
चेरीचं लाकूड, वर्षानुवर्षं मुरवलेलं,
आमच्यासाठी,
आगीलाही तसंच आवडतं.
सरोवर, पूल, देवळाची पायरी,
परदेशी पाठवायचे गठ्ठे,
सगळ्या रात्री एका दुपारी जळाल्या.

उस्ताद तेरा दिवसांनी सापडले,
बागेतल्या पत्र्याच्या छपरांमध्ये.
उजव्या तळव्याला चिंध्या बांधलेल्या.
मला बघून म्हणाले, "जेवलास?"

थंडी पडली तेव्हा डोंगरातून
त्यांच्या मेव्हण्याने चार ताव पाठवले.
एका म्हातारीकडून मी चिमूटभर हळद मागून आणली,
थोडी भाताची पेज,
आणि बाहीतला तुकडा काढला.
चकती नव्हती. अंगठ्यानेच घासलं.

पांढरा ताव. खाली, डावीकडे,
एक पिवळी खिडकी. जराशी तिरपी.
ना डोंगर, ना पाणी, ना रात्र.

उस्तादांनी तो ताव डाव्या हातात धरला,
लांब नेला, जवळ आणला.
शेजारच्या पत्र्याआड कुणाचं तरी मूल रडून थांबलं.
"बर्फ," ते म्हणाले, "चांगला पडलाय."

आणि जरा वेळाने:
"खाच तेवढी नीट करून घे."

कुणाकडून, ते मी विचारलं नाही.