कोपराची रेघ

खडे बाजारातल्या दुकानात
काचेमागं ओळीनं उभे होते नळ,
एकाची मान हंसाची,
एकाला नुसता हात दाखवायचा, सुटतो.
मी म्हटलं, आमच्या वडगावात पाणी आठव्या दिवशी येतं,
तेही पहाटे साडेतीनला.
त्याला कुणाचा हात दाखवू?
दुकानदार हसला. म्हणाला, टाकी मोठी बसवा की मावशी.

आम्ही नळ म्हणतो, शेजारी गंगव्वा नल्ली म्हणते.
वाट दोघी एकाच वेळी उठून बघतो.

यादी ह्यांच्या खिशात, वीजबिलाच्या पाठीवर.
फरशी खडबडीत, पांढरी नको.
कमोड एक. कुणाच्या गुडघ्यासाठी, ते लिहिलेलं नाही.
धरायला स्टीलची दांडी,
ही मी सांगितली, त्यांनी खोडली,
मी पुन्हा लिहिली, जरा मोठ्या अक्षरात.

नम्रता हुबळीहून फोटो पाठवते फोनवर.
काळा कट्टा, काळं सिंक, नळही काळा.
मीठ सांडलं तर
नक्षत्रं मोजत बसावं लागेल, असं कळवलं तिला.
तिनं हसरं तोंड पाठवलं, आणि आणखी एक काळं सिंक.

न्हाणी होणार मागच्या खोलीत.
तिथं दोन माग होते.
ते गेले भंगारात, किलोच्या भावानं,
टेम्पोवाल्यानं वजनात मारलं ते वेगळंच.
जमिनीत बोल्टांची भोकं राहिली
आणि तेलाचा एक डाग,
सोडा झाला, रॉकेल झालं, हलत नाही.
प्लंबर वाकून बघत म्हणाला,
ह्याच भोकातनं पाईप काढूया, फोडाफोड वाचेल.
हे काही बोलले नाहीत.
चपलेच्या टोकानं भोकातली माती उकरत राहिले.

मग बसलिंगप्पा आला, सौंदत्तीकडचा गवंडी.
फरशी बघितली नाही, सिंकचं विचारलं नाही.
टेप सोडवत म्हणाला,
अडगी यार माडतार री?
ह्यांनी माझ्याकडं बोट केलं.
इल्ली निंदरी अक्का, कै मडचरी.
मी भिंतीला लागून उभी राहिले,
कोपर दुमडलं,
हातात नसलेलं पीठ मळल्यासारखं.
कोपराखाली चार बोटं सोडून
त्यानं पेन्सिलीची रेघ ओढली.

जुना कट्टा त्या रेघेच्या वीतभर खाली.

एकोणनव्वद सालचा तो.
मामंजींना एकच माप पाठ होतं, मागाचं.
दार असो, माळा असो, तेच लावायचे.
कट्ट्यालाही लावलं.
आत्या बुटक्या, त्यांना बरं पडलं.
मी ह्या घरात आले ती बांध्यानं उंच,
लग्नात फोटोवाल्यानं मला पायरीखाली उभं केलं होतं.
त्यानंतर वाकले ती ह्या कट्ट्यावर.
भाकरी थापताना, सांडगे घालताना,
मागावरच्या कामगारांचा चहा गाळताना.
डॉक्टर म्हणाले मणके झिजलेत, वयच आहे.
मीही म्हटलं, असेल वय.

हे रेघेजवळ आले.
बोटानं वरची रेघ दाखवली, मग खालचा कट्टा,
मधली जागा वीत लावून मोजली,
पुन्हा एकदा मोजली.
इतकं वाकायचीस?
मी म्हटलं, कट्टा घरातलाच आहे,
कधी आत येऊन बघायचं होतं.

थोडा वेळ गेला. पलीकडच्या गल्लीत
अजून कुणाचा तरी माग चालू होता, खडखड, खडखड.
मग विषय बदलायला
ह्यांनी विचारलं, सिंक किती खोल घ्यायचं?
मी म्हटलं, भांडी कोण घासणार त्यावर आहे.
तुम्ही घासणार असाल
तर या इथं, कोपर दुमडा.

बसलिंगप्पाला मराठी बेतानंच येतं,
पण एवढं कळलं त्याला.
कानामागची पेन्सिल काढून
तो भिंतीजवळ थांबून राहिला.