झाकण दुसऱ्या घरी

आमचं भांडं बिडाचं, बूड गोल,
सपाट जागेवर कधी नीट बसत नाही.
अल्माटीच्या चौथ्या मजल्यावर, गॅसच्या शेगडीवर
लोखंडी कडं घालून टेकवते मी त्याला,
हट्टी पाहुण्याच्या पाठीशी लोड सरकवावा तसं.

पणजीनं, बोन्सुनीनं, ते गाडीतून आणलं.
सदतीस साल. गुरांचे डबे. महिनाभर पश्चिमेकडे.
मागे काय काय राहिलं ते आई सांगायची:
आंबवलेल्या सोयाबीनचे रांजण,
कापणीला आलेली साळ, एक डुकरीण,
आणि एक कबर, अजून ओली.
भांड्यात बोन्सुनीनं बियाणाचा भात भरला,
वरून झाकण बांधलं
आणि तीन वर्षांच्या लेकीला त्यावर बसवलं.
ती लेक म्हणजे माझी आजी.
प्रवासाचं काही विचारलं तर म्हणायची,
बुडाला गार लागायचं, बाकी आठवत नाही.

उश्तोबेजवळ उतरवलं तेव्हा नुसता वारा आणि बोरू.
जमीन खणून आत राहिले सगळे.
बियाणाला कुणी हात लावला नाही.
तेव्हा कुठून तरी उलबोसिन आली
(मुलीच मुली झाल्या की तिकडे असं नाव ठेवतात, 'मुलगा होवो'),
फडक्यात चार भाकरी, अजून ऊन.
एकीची भाषा दुसरीला कळेना.
पणजीनं झाकण सोडलं आणि तिच्या हातात दिलं.
उलबोसिन नको नको म्हणत राहिली.
नको म्हणायला भाषा लागत नाही.
शेवटी घेतलं.
घेतलं नसतं तर बोन्सुनी भाकरीला शिवली नसती,
हे तिला कसं उमगलं कोण जाणे.

झाकण उलटं केलं की तवा होतो.
उलबोसिनच्या घरी त्यावर भाकरी भाजल्या गेल्या,
गोवऱ्यांच्या आरावर, माझ्या आयुष्याहून जास्त वर्षं.
आमच्या भांड्यावर कधी फळी, कधी ताट,
पुढं ट्रॅक्टरचा पत्रा ठोकून केलेलं काहीतरी.
बुडाला चीर गेली तेव्हा राइनहोल्डनं डाग दिला,
तोही असाच कुठून तरी आणून टाकलेला.
पैसे घेईना. खरवड मागितली.
त्या डागापाशी भात अजून सगळ्यात आधी लागतो,
आणि आम्ही भावंडं तेवढ्या जागेसाठी भांडत मोठी झालो.

गेल्या एप्रिलात, कबरींवर जायच्या दिवशी,
राउशान आली, उलबोसिनची नात.
लिफ्ट बंद, गुडघे धरत चढली.
पिशवीत, कापडात बांधलेलं झाकण.
"आजी सांगून गेली होती, मागितलं नाही तरी द्या."

तांदूळ धुतले. आधण आलं. झाकण ठेवलं.
बसेना.
डाग देताना भांडं कुठे हललं असेल,
की झाकणच आरावर वाकलं,
एका बाजूला बोटभर फट.
तिनं फिरवून पाहिलं. मी फिरवून पाहिलं.
वाफ तिथूनच निघत राहिली,
खिडकीतून समोरचे डोंगर दिसेनासे झाले.

भात वर कच्चा, खाली करपलेला.
खाल्ला आम्ही.
डागापाशीची खरवड तिला वाढली;
तिनं पिशवीतून सकाळची भाकरी काढली.

निघताना मी झाकण पुसलं,
तिच्याच कापडात बांधून तिच्या हातात दिलं.
राउशान नको नको म्हणत राहिली.
या खेपेला भाषा कळत होती,
तरी मी ऐकलं नाही.